पानिपतनंतरचा खंडित संदेशमार्ग

मोबाईल जाळ्यातील एक गेटवे बंद पडल्यास दुसरा मार्ग देतो. परंतु चालू जोडण्यांची नोंद त्याच्याजवळ नसल्यास त्या तुटतातच. मराठ्यांच्या इतिहासात याचे सादृश्य आढळते. इ. स. १७६० च्या अखेरीस अब्दालीने पानिपतची छावणी दक्षिणेपासून तोडली. १४ जानेवारी १७६१ च्या पराभवाची वार्ता नानासाहेब पेशव्यांना माळव्यात मिळाली, ती एका सावकारी पत्रातून. त्यातील मोत्यांची सांकेतिक भाषा सर्वश्रुतच आहे. आम्हांस महत्त्वाचे वाटते ते त्या पत्राचे निराळे वाहन. मार्ग सापडला, मात्र सदाशिवरावभाऊंच्या मृत्यूची सर्वमान्य नोंद पुण्यास लाभली नाही. पार्वतीबाईंनी वैधव्य पत्करले नाही. पुढे भाऊंचा तोतया उभा राहिला. त्यास देहदंड झाला तो १७७६ साली.