माधवीचा मांडव : एका वेलीच्या नावाचा मागोवा

आमच्या महाविद्यालयात मराठी विभागाच्या दाराशी एक जुनी वेल आहे. लोखंडी कमानीवर ती चढलेली आहे, आणि ग्रीष्म सरता सरता तिला घोसच्या घोस लागतात. कमानीला कुणीतरी पूर्वी एक पत्र्याची पाटी अडकवली : 'माधवी (मधुमालती)'. मेघदूत शिकवताना, उत्तरमेघात यक्ष आपल्या घराच्या खुणा सांगतो तिथे आलो, की आम्ही दोघेही वर्षानुवर्षे खिडकीबाहेर बोट दाखवीत असू. यक्षाच्या बागेतला माधवीमंडप तो हाच. विद्यार्थी माना वळवून पाहत, वर्गात सुवास येत असे, आणि आपण काहीतरी जिवंत शिकवले या समाधानात तास संपत असे.

हे समाधान भीमाशंकरच्या बाजूच्या एका विद्यार्थिनीने मोडले. तिने विचारले, "सर, ही फुलं संध्याकाळी पांढरी उमलतात, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतात आणि तिसऱ्या दिवशी लाल. एका घोसात तिन्ही रंग दिसतात. मग कालिदासानं हे कुठंच कसं सांगितलं नाही?"

प्रश्न साधा होता, आणि उत्तर आमच्यापाशी नव्हते. ज्या कवीने आम्रमंजरी आणि कुरबकाच्या कळ्या इतक्या बारकाईने पाहिल्या, तो रंग बदलणाऱ्या फुलाविषयी गप्प राहील हे पटण्यासारखे नव्हते. कालिदासाकडून असे काही सुटले असेल, यापेक्षा आम्हीच चुकीच्या वेलीकडे बोट दाखवीत होतो, ही शक्यता अधिक होती. आणि तेच खरे ठरले.

दाराशी आहे ती वेल पूर्वेकडची. ब्रह्मदेश, मलाया, फिलिपिन्स या भागांत ती मुबलक, म्हणून इंग्रजांनी तिला रंगूनची वेल म्हटले. सतराव्या शतकात अंबोन बेटावर राहून वनस्पतींची नोंद करणाऱ्या रम्फियसने तिला 'क्विस् क्वालिस' असे लॅटिन नाव दिले. त्याचा अर्थच मुळी 'कोण? कशी?' असा आहे. लिनियसने पुढे तेच नाव शास्त्रात रूढ केले. आता शास्त्रज्ञ तिला 'कोंब्रेटम इंडिकम' म्हणतात. कोण, कशी, हा प्रश्न या वेलीच्या कपाळीच लिहिलेला होता. आम्ही तेवढा विचारला नाही.

मग कालिदासाची माधवी कोणती? अमरकोशाच्या वनौषधिवर्गात अतिमुक्त, पुंड्रक, वासंती आणि माधवी ही नावे एकाच वेलीची म्हणून दिलेली आहेत. यांतली दोन नावे ऋतू सांगतात. वासंती ही वसंतातली हे उघड आहे. माधवीतला 'मधु' मात्र आपण मधाचा समजतो आणि फसतो. मधु आणि माधव ही चैत्र-वैशाखाची जुनी नावे आहेत. माधवी म्हणजे त्या दिवसांची. अतिमुक्त या नावाचा अर्थ मोत्यालाही मागे टाकील अशी शुभ्र, असा लावला जातो. म्हणजे वसंतात फुलणारी पांढऱ्या फुलांची वेल आपल्याला शोधायची आहे. दाराशी असलेली वेल पावसाळ्यात ऐन भरात असते, आणि तिची ओळख पटते ती लाल रंगावरून.

इथे एक आक्षेप संभवतो, आणि तो आमच्याच एका सहकाऱ्याने घेतला. मेघदूत आषाढातले आहे ना? पण त्या श्लोकात माधवीच्या फुलांचा उल्लेखच नाही. उल्लेख आहे तो मंडपाचा, आणि मंडप बारमाही असतो. शिवाय अलकानगरीत सहाही ऋतूंची फुले एकाच वेळी स्त्रियांच्या अंगावर असतात, तेव्हा तिच्यावरून पंचांग मांडता येत नाही. पुरावा हवा तर शाकुंतलात पाहावे. सहाव्या अंकात अंगठी सापडल्यावर पश्चात्तापाने पोळलेला दुष्यंत वसंतोत्सव बंद करवितो आणि प्रमदवनात जाऊन बसतो तो माधवीच्या मंडपात. तिसऱ्या अंकात शकुंतलेचे मन राजावर जडल्याचे कळताच प्रियंवदा म्हणते, पालवलेल्या अतिमुक्तलतेला आंब्यावाचून दुसरे कोण पेलणार? सातेकशे वर्षांनी जयदेवही गीतगोविंदात वसंताच्या वर्णनात अतिमुक्तलता आंब्यालाच मिठी मारताना दाखवितो. वसंत, आंबा आणि ही वेल हे त्रिकूट संस्कृत काव्यात असे पक्के आहे.

प्रियंवदेचे बोलणे आपण केवळ अलंकार म्हणून शिकवीत आलो. ते झाडे लावणाऱ्या मुलीचे बोलणे आहे, हे आम्हांला खरी माधवी पाहिल्यावर कळले. शास्त्रात तिचे नाव 'हिप्टेज बेंगालेन्सिस'. सह्याद्रीच्या रानात ती सर्वत्र आढळते. आमच्या विद्यार्थिनीच्या गावी तिला हळदवेल म्हणतात. ती नाजूक लता नव्हेच. तिचे खोड मनगटाएवढे, पुढे मांडीएवढे होते, आणि ती मोठ्या झाडाच्या शेंड्यावर जाऊन पसरते. लहान झाड तिच्या भाराने वाकेल. पाकळ्या पांढऱ्या, कडा झालरीसारख्या कातरलेल्या, आणि पाचांतल्या एकीवर हळदीचा पिवळा डाग. हळदवेल हे नाव त्या डागावरूनच आले असावे असे आम्हांला वाटते. फळाला तीन पंख असतात. वाऱ्यावर ते भिरभिरत जाते. 'हिप्टेज' या शब्दाच्या मुळाशी उडण्याचाच अर्थ आहे. मॉरिशस आणि रेयुनियों बेटांवर ही वेल नेली गेली, तेव्हा तिने तिथल्या रानांचा गळा असा आवळला की ती आज तिथे उपद्रवी म्हणून उपटली जाते. आंब्यावाचून कोण पेलणार, हे प्रियंवदेचे म्हणणे मॉरिशसच्या वनखात्याला सहज पटेल.

कालिदासानंतर फार उशिरा नव्हे, सहाव्या शतकात, उज्जैनच्या परिसरातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदावर एक लहानसा अध्याय लिहिला. फणस, अशोक, केळ, जांभूळ, डाळिंब, द्राक्ष, महाळुंग यांच्या पंक्तीत त्याने अतिमुक्तकही बसविला आहे. ही झाडे फांदीपासून लावावीत आणि फांदीला शेण माखावे असे तो सांगतो. लावलेल्या रोपांना उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ, हिवाळ्यात एक दिवसाआड आणि पावसाळ्यात जमीन सुकली तरच पाणी द्यावे, हीही त्याचीच सूचना. आजचा कोणताही माळी यात फारसा बदल सुचविणार नाही. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे ते एवढेच की माधवी ही त्या काळी रानातून पाहिलेली शोभा नव्हती. ती कलमे करून मुद्दाम लावली जात होती. काव्यातला मंडप आणि बागेतला मांडव यांत आपण आज जेवढे अंतर मानतो, तेवढे त्या काळी नव्हते.

नाव घसरले कसे, हे पाहताना आम्हांला दिलासा एवढाच मिळाला की या चुकीत आपण एकटे नाही. बंगालीतही सर्वसामान्य माणूस रंगूनच्या वेलीलाच माधवीलता म्हणतो. रवींद्रनाथांनी तिला 'मधुमंजरी' असे स्वतंत्र नाव दिले. 'वनवाणी' या १९३१ च्या संग्रहात त्या नावाची कविता आहे. आपल्याकडे 'मधुमालती' हे नाव कोशांत कधी हिप्टेजला दिलेले दिसते, कधी रंगूनच्या वेलीला. खरी माधवी डोंगरात राहिली, शहराच्या कुंपणावर दुसरी आली, आणि जुने नाव जवळच्या वेलीला चिकटले. नावे अशीच प्रवास करतात. जावात 'मलाती' म्हणजे मालती, पण तिथे त्या शब्दाने मोगरा समजला जातो.

सर विल्यम जोन्स यांना ही अडचण १७८९ मध्ये शाकुंतलाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध करतानाच कळली असावी. कलकत्त्यात त्यांनी वनस्पतींच्या नोंदी केल्या, आणि त्यांत अतिमुक्ताची फुले प्रत्यक्ष पाहून कालिदास-जयदेवांनी केलेली स्तुती योग्यच आहे असा अभिप्राय दिला. न्यायाधीश असलेला परका माणूस श्लोकातले फूल हातात घेऊन पाहतो, आणि आम्ही खिडकीतून पाहतो, ही तुलना आम्हांला थोडी बोचली.

एकदा संशय आला की तो इतर वेलींकडेही जातो. मग आम्ही जाई, जुई, मोगरा यांची नावे पुन्हा तपासू लागलो. तिथे मात्र मराठीने परंपरा चांगली राखली आहे. 'जाती'तला त प्राकृतात गळून जाई झाली. 'यूथिके'चा य ज झाला, थ ह झाला, आणि 'जूहिआ'वरून आपली जुई आली. नवमालिकेची नेवाळी झाली; हा शब्द आज बोलण्यातून जवळजवळ गेला. 'मुद्गर' म्हणजे गदा. त्यातून मोग्गर आणि मोगरा. बटमोगऱ्याची टपोरी कळी देठासकट पाहिली, तर हे नाव ठेवणाऱ्याचा खट्याळपणा ध्यानात येतो. हालाच्या गाथासप्तशतीत, म्हणजे आपल्याच महाराष्ट्री प्राकृतात, अजून न उमललेल्या मालतीच्या कळीपाशी घोटाळणाऱ्या भुंग्याची गाथा आहे. हिंदी वाचकांना ती बिहारीच्या दोह्यामुळे ठाऊक असते. मराठीच्या विद्यार्थ्याने ती मुळातून वाचावी.

अमरकोश तर या बाबतीत माळ्याची वहीच आहे. मल्लिकेला, म्हणजे मोगऱ्याला, तो 'शीतभीरु' म्हणतो. थंडीत मोगरा खरोखरच रुसतो. म्हणून डिसेंबर-जानेवारीत त्याचे पाणी तोडून ताण द्यावा, छाटणी करावी, आळ्यात शेणखत घालावे, आणि मग पाणी सुरू करावे; ऊन तापू लागताच बहर येतो. कुंदाला कोशात 'माघ्य' म्हटले आहे, कारण तो माघात फुलतो. जुई मात्र पावसाची. पूर्वमेघात विदिशेजवळच्या टेकडीवर विसावा घेऊन निघालेल्या मेघाला यक्ष सांगतो ते यूथिकेच्या कळ्यांवर नवे थेंब शिंपायला. त्याने तिथे मोगरा घातला असता तर छंद कदाचित जमला असता, पण ऋतू चुकला असता.

ज्ञानेश्वरांच्या नावावर असलेल्या 'मोगरा फुलला' या अभंगाबाबत एक विद्यार्थी दरवर्षी विचारतो की मोगरा तर झुडूप, त्याचा वेल गगनाला कसा जाईल? आम्ही पूर्वी त्याला रूपक, अद्वैत वगैरे सांगून गप्प करीत असू. ते चुकीचे नव्हते, पण अर्धे होते. मोगऱ्याच्या काही जाती सरळ वेलासारख्या चढतात, आधार दिला तर छपरावर जातात. आपण छाटून छाटून त्याचे झुडूप केले आहे. दारी लावलेले रोप वर चढताना पाहिलेल्या माणसाचे ते रूपक आहे.

शाकुंतलाकडे पुन्हा यावेसे वाटते, कारण त्या नाटकात वेल सांभाळणे हे काम म्हणून येते. शकुंतला पहिल्या अंकात रंगमंचावर येते ती पाण्याचे घडे घेऊन. आंब्याला बिलगलेल्या नवमालिकेला तिने 'वनज्योत्स्ना' हे नाव दिले आहे. तिला पाणी घालतानाच भुंगा उठतो, आणि त्या भुंग्याच्या निमित्ताने राजा पुढे येतो. चौथ्या अंकात दुर्वासाचा शाप ऐकल्यावर तो शकुंतलेला सांगायचा नाही असे मैत्रिणी ठरवितात, तेव्हा प्रियंवदा विचारते की नवमालिकेवर कढत पाणी कोण घालील? आणि निरोप घेताना शकुंतला वनज्योत्स्नेला मिठी मारून ती मैत्रिणींच्या हाती ठेव म्हणून सोपविते. आमच्या वर्गात 'ठेव' या शब्दावर पूर्वी कधी चर्चा झाली नव्हती. आता होते. दागिना ठेव म्हणून ठेवला तर तो तसाच राहतो. वेल ठेव म्हणून ठेवली तर ठेवणाऱ्याला रोज घडा उचलावा लागतो. मैत्रिणींचे लगेचचे उत्तर, की आम्हांला तू कुणाच्या हाती सोपवलेस, हे त्या घड्याच्या वजनासकट वाचावे.

त्या विद्यार्थिनीने पुढच्या उन्हाळ्याच्या सुटीनंतर कागदात बांधून हळदवेलीची पंख असलेली फळे आणली. आठांपैकी तीन रुजली, दोन जगली. पहिली दोन वर्षे वेल नुसती पानांची, आणि माळीमामा दर खेपेस विचारत, "हे रानगवत काढू का?" आम्ही ती मैदानाकडच्या जुन्या आंब्याच्या बुंध्याशी लावली. चौथ्या वर्षी फाल्गुनात तिला पहिला तुरा आला. तो वीतभरही नव्हता. त्या दिवशी शाकुंतलाचा तास आंब्याखाली घेतला, आणि पाकळीवरचा पिवळा डाग प्रत्येकाने जवळ जाऊन पाहिला. बहर आटोपला की आता आम्ही तिची छाटणी करून घेतो. नाहीतर ती आंब्याचा मोहोर झाकील.

दारावरच्या पाटीचा वाद अजून मिटलेला नाही. आम्हां दोघांपैकी एकाचे मत ती उतरवावी असे आहे. दुसऱ्याचे म्हणणे असे की निदान 'मधुमालती' हा शब्द राहू द्यावा. लोकांनी इतकी वर्षे त्या वेलीला तेच नाव दिले आहे, आणि तोही इतिहासच आहे. सध्या कंसाबाहेरचा 'माधवी' हा शब्द काळ्या रंगाने पुसलेला आहे आणि पाटी तशीच लटकते आहे.