लग्नाची डीव्हीडी आणि तुटलेली मंगलाष्टकं

बीडजवळच्या पालीत काय किंवा पुण्यात काय, २००५च्या आसपासचं लग्न आज कपाटातल्या डीव्हीडीवर सापडतं. त्यातून आता हयात नसलेल्या आजोबांची दोन मिनिटं कापून काढायला बसलं की कळतं, हे प्रकरण एडिटिंगसाठी बनलेलंच नाही!

१९९५ साली सोनी-फिलिप्स आणि तोशिबा-टाइम वॉर्नर हे दोन गट एका डिस्कवर राजी झाले. १९९६च्या नोव्हेंबरात जपानमध्ये प्लेअर आले. डोक्यात होता सिनेमा. दोनेक तास ४.७ जीबीत कोंबायचे म्हणून एमपेग-२ घेतलं. यात अख्खी फ्रेम अधूनमधूनच, बाकी फ्रेममध्ये नुसता फरक. त्यामुळे हवं तिथे कापलं की सॉफ्टवेअर अडखळतं. शिवाय प्रत्येक व्हीओबी फाइल १ जीबीच्या आत. म्हणजे मंगलाष्टकं एका फाइलीत आणि अक्षता दुसरीत.

शूटिंग व्हायचं त्या मिनीडीव्ही टेपवर प्रत्येक फ्रेम अख्खी असायची, तासाला साधारण १३ जीबी. पण ती टेप बऱ्याचदा पुढच्या लग्नाला वापरली जायची. उरली डीव्हीडी. तीही बर्न केलेली, म्हणजे आत रंगद्रव्याचा थर, जो ऊन आणि उष्णतेने खराब होतो. मराठवाड्याचा उन्हाळा काय सांगावा!

तेव्हा दुकानात जाऊन "एमपीफोर करून द्या" म्हणू नका. पुन्हा कॉम्प्रेशन, पुन्हा नासाडी. आधी अख्खी डिस्क जशीच्या तशी हार्ड डिस्कवर उतरवा. मेकएमकेव्ही तुकडे जोडून देतं, चित्राला हात न लावता. लॅपटॉपला ड्राइव्ह नसेल तर यूएसबीवाला चालतो.