इप्पेन यांची चित्रकथा आणि तिच्या कडेला बसलेली माणसे

जपानमध्ये बाराव्या ते चौदाव्या शतकांत ‘एमाकी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चित्रकथांची परंपरा भरास आली. उजवीकडून डावीकडे उलगडत पाहावयाच्या या लांब गुंडाळ्यांत मजकूर व चित्र आळीपाळीने येतात. त्यांपैकी इ. स. १२९९ मध्ये पूर्ण झालेल्या ‘इप्पेन हिजिरी-ए’ या बारा गुंडाळ्यांचा विचार आम्ही येथे करीत आहोत. मजकूर शिष्य शोकाई यांचा, चित्रे एन-इ यांची. एरवी कागदावर होणारे हे काम येथे रेशमी वस्त्रावर झालेले आहे.

इप्पेन (१२३९–१२८९) हे अमिताभ बुद्धाचे उपासक, परिव्राजक. १२७४ मध्ये कुमानो येथे त्यांना आदेश मिळाला, अशी परंपरा आहे: समोरचा मनुष्य श्रद्धावान असो वा नसो, शुद्ध असो वा अशुद्ध, अमिताभाच्या नामाची चिठ्ठी प्रत्येकाच्या हाती द्यावी. पुढे आयुष्यभर ते चिठ्ठ्या वाटत हिंडले. त्यामुळेच त्यांच्या चरित्रचित्रांत भिक्षेकरी, अपंग आणि पांढऱ्या वस्त्राने तोंड झाकलेले कुष्ठरोगी पुन्हा पुन्हा दिसतात. त्या काळी अशा लोकांना ‘हिनिन’ म्हणत. या शब्दाचा अर्थच मुळी ‘माणूस नव्हे’ असा होतो!

ओवारी प्रांतातील जिमोकु-जी विहारातील १२८३ चा प्रसंग पाहावा. अन्नदान चालू आहे. इप्पेन यांचा संघ, भिक्षेकरी व कुष्ठरोगी अशा सर्वांना अन्न मिळत आहे. परंतु ते बसले आहेत वेगवेगळ्या वर्तुळांत. धम्माने कोणालाही वगळले नाही, पंगत मात्र एक झाली नाही. चित्रकाराने हे झाकले नाही, हा त्याचा प्रामाणिकपणा आम्हांस मोलाचा वाटतो.

संप्रदायाने या गुंडाळ्यांकडे संस्थापकाचे चरित्र म्हणून पाहिले, कलासमीक्षकांनी त्यांतील निसर्गदृश्ये वाखाणली. कडेच्या माणसांकडे प्रथम पद्धतशीर लक्ष गेले ते लोकजीवनाच्या अभ्यासकांचे. शिबुसावा केइझो यांच्या प्रेरणेने एमाकींतील सामान्य जनांच्या आकृती रेखून, वस्तूंना क्रमांक देऊन, पाच खंडांचा सचित्र कोश १९६४ ते १९६८ या काळात प्रसिद्ध झाला. (शिबुसावा स्वतः १९६३ मध्येच निवर्तले होते.) टोपली, पादत्राणे, झोपडीचे छप्पर, सारे त्यात आले. पुढे १९८० च्या दशकात अमिनो योशिहिको (१९२८–२००४) व कुरोदा हिदेओ या इतिहासकारांनी वेश, हावभाव व बसण्याच्या जागा यांवरून मध्ययुगीन समाजातील बहिष्कृतांचे स्थान वाचून दाखविले.

हे कार्य थोरच होय. तथापि आमच्या मते कोशात एक गोष्ट निसटते. क्रमांक लावलेला भिक्षेकरी चित्रातून कापून घेतला की तो पुरावा होतो. तो तेथे का बसला होता, हे मग दिसेनासे होते. कुमानोचा तो आदेश नसता, तर एन-इ यांच्या रेशमावर त्याला जागाच मिळाली नसती.

यांतील सातवी गुंडाळी आज टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात असून उरलेल्या अकरा फुजिसावा येथील शोजोको-जी विहाराकडे आहेत.