गॅरेजच्या चौकटीवरचा ॲल्युमिनियम पत्रा

उत्तर अमेरिकेत लाकडी सांगाड्याच्या घरांना जोडून असलेल्या गॅरेजच्या दाराभोवती लाकडी चौकट असते. ती झाकण्यासाठी जागेवरच मापाने वाकवून बसवलेला रंगीत ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा म्हणजे हे आवरण. कॅनडात त्याला सर्रास ‘कॅपिंग’ म्हणतात. लाकूड दर काही वर्षांनी खरवडून रंगवण्याची कटकट टळावी, हा मूळ हेतू. महाराष्ट्रात गॅरेजला बहुधा लोखंडी रोलिंग शटर असते आणि झाकण्याजोगी लाकडी चौकट नसते, त्यामुळे हे काम इथे सहसा निघत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत घरांच्या बाहेरच्या भिंतींवर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, म्हणजे साइडिंग, लावण्याची लाट आली. दारोदार फिरून ती गळ्यात मारणाऱ्या विक्रेत्यांवर बॅरी लेव्हिन्सन यांचा ‘टिन मेन’ (१९८७) हा चित्रपट आहे. पुढे भिंतींवर व्हिनाइल आले, पण चौकटीवर ॲल्युमिनियमच राहिले. व्हिनाइलला जागेवर धारदार घडी घालता येत नाही.

पत्रा गुंडाळीच्या रूपात मिळतो. नेहमीची गुंडाळी २४ इंच रुंद व ५० फूट लांब असते. जाडी सुमारे ०.०१९ इंच, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर. इतका पातळ पत्रा सपाट ठेवला तर लहरतो. त्याला ताठपणा येतो तो घड्यांनी. म्हणून उघडी राहणारी कड आधी पूर्ण उलटी दुमडून घेतात. तिने कडेला बळ येते आणि हातही कापत नाही. वाकवण्याच्या यंत्राला ‘ब्रेक’ म्हणतात. त्याचा लांब जबडा पत्रा घट्ट धरतो आणि बिजागरीवरचे पाते वर उचलले की सरळ घडी पडते. फिरता ब्रेक साधारण साडेदहा फुटांचा असतो. एका गाडीच्या नऊ फुटी दाराची वरची पट्टी त्यात अखंड निघते. दोन गाड्यांच्या सोळा फुटी दाराला मात्र सांधा द्यावाच लागतो.

पत्रा चढवण्याआधी चौकट टोचून पाहावी. खालचा वीतभर भाग सर्वांत आधी कुजतो, आणि कुजक्या लाकडावर नवा पत्रा ठोकणे म्हणजे रोग झाकून ठेवणे. लाकूड तांबेयुक्त रसायने मुरवलेले असेल तर ओलाव्यात ती ॲल्युमिनियमला खातात, म्हणून मध्ये जलरोधक पडदा घालतात. खिळे ॲल्युमिनियमचे किंवा स्टेनलेस स्टीलचे वापरतात.

पत्र्याचा एक पाख चौकटीच्या दर्शनी फळीवर बसतो, दुसरा कोपरा वळून दाराच्या बाजूने आत जातो. आतली कड ठोकून उघडी ठेवण्याची गरज नसते: दाराला टेकणारी, रबरी ओठ असलेली व्हिनाइलची पट्टी तिच्यावर ठोकली की कापलेली कड आणि खिळे दोन्ही झाकले जातात. त्यासाठी जुनी पट्टी आधी काढावी लागते. घाईत ती तशीच ठेवून पत्रा तिच्याशी भिडवतात आणि फट सीलंटने बुजवतात. असे काम काही हिवाळ्यांत उघडे पडते.

क्रम पाणी ठरवते. आधी दोन्ही बाजूंचे उभे पत्रे, मग वरचा आडवा. उभ्या पत्र्याच्या माथ्याला ठेवलेली जीभ आडव्याच्या मागे जाते, म्हणजे वरून ओघळणारे पाणी सांध्याच्या बाहेरून उतरते. आडव्याची वरची कड साइडिंगखाली सरकवतात किंवा तिच्यावर स्वतंत्र पन्हळपट्टी देतात. फळीची वरची बाजू सीलंटच्या भरवशावर सोडणे हा या कामातला सर्वांत महागात पडणारा आळस. उलट तळाशी सीलंट भरू नये. आत शिरलेल्या पाण्याला तेवढीच एक वाट असते.

ॲल्युमिनियम दर अंश सेल्सिअसला मीटरमागे सुमारे ०.०२३ मिमी वाढते. हिवाळा ते भर उन्हाळा असा ५० अंशांचा फरक धरला तर सोळा फुटांच्या लांबीत साडेपाच मिमीहून अधिक हालचाल होते. दर्शनी बाजूला खिळे करकचून ठोकले तर ही वाढ पत्र्यावर फुगवटे आणि सुरकुत्या होऊन दिसते. म्हणून भोके थोडी लांबट पाडतात, खिळा पत्र्याला टेकला की थांबतात, आणि सोळा फुटी पट्टीच्या सांध्यात एक पत्रा दुसऱ्यावर इंचभर चढवून मोकळा ठेवतात.

खालचे टोक काँक्रीटला टेकवत नाहीत, पाव इंच वर ठेवतात. सिमेंटची ओली अल्कधर्मिता ॲल्युमिनियमला सोसत नाही, आणि बर्फाळ प्रांतांत गाड्यांच्या चाकांबरोबर येणारे रस्त्यावरचे मीठ तिथेच साचून पत्र्याला खळगे पाडते. पोचाही बहुधा याच उंचीवर येतो, बंपरचा किंवा बर्फ उपसण्याच्या फावड्याचा. पोचलेला पत्रा ठोकून सरळ होत नाही. तो उभा तुकडाच बदलतात. मात्र आडव्याच्या मागे गेलेली जीभ आधी सोडवावी लागते.