रिंगणातला डावा पाय

साताऱ्याहून सांगलीकडे वाहणाऱ्या कृष्णेच्या काठी अंकलखोप आहे. विष्णुपंत छत्रे या गावचे. ग्वाल्हेरला ते अश्वविद्या शिकले, पुढे कुरुंदवाड संस्थानाची पागा सांभाळली आणि १८८० मध्ये त्यांनी 'ग्रेट इंडियन सर्कस' काढली. त्यांच्या धाडसाचे कौतुक होते. आम्हांला त्यामागचे गतिशास्त्रही तितकेच पाहण्याजोगे वाटते.

सर्कशीच्या रिंगणाचा प्रचलित व्यास सुमारे १३ मीटर. सेकंदाला ५ मीटर वेगाने फिरणारा घोडा त्यात सुमारे २१ अंश आत कलतो. (वर्गात गणित करून पाहावे.) ही चाल कँटर, दुडकी आणि चौखूर यांच्या मधली, तीन ठोक्यांची. डावीकडे वळताना आधी उजवा मागचा पाय टेकतो, मग डावा मागचा व उजवा पुढचा एकदम, शेवटी डावा पुढचा. हा क्रम उलटला की घोड्याचा तोल डळमळतो, आणि पाठीवर उभ्या असलेल्या माणसाच्या जिवाशी गाठ पडते.

पण पुढचा डावा पाय पाहून इशारा करावा, तर उशीर झालेला असतो. सुरुवात बाहेरच्या मागच्या पायाने होते ना! म्हणून शिकवणारा घोड्याला वर्तुळावर दुडकीने फिरवतो आणि तो मागचा पाय टेकण्याच्या बेतात असताना इशारा देतो. क्रम चुकला तर चाबूक ओढायचा नाही. दुडकीवर आणून पुन्हा प्रयत्न करायचा.

मायब्रिजने धावत्या घोड्याची छायाचित्रे अमेरिकेत काढली ती १८७८ मध्ये. पागेतली माणसे त्याआधीपासून हा क्रम टापांच्या आवाजावरून आणि मांडीखालच्या हालचालीवरून ओळखत आली होती.