वेताच्या पेटीपासून विमानापर्यंत



मागच्या उन्हाळ्यात आमच्या एका गटाची मासिक बैठक संपत आली होती. बचत मोजून झाली, वही भरून झाली, सह्या-अंगठे झाले. उठता उठता एका ताईंनी हळूच विचारलं, "मॅडम, तीन महिन्यांचं लेकरू विमानात नेता येतं का हो?"

त्यांची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. जावई बेंगळुरूला नोकरीला. त्यांनी नांदेडहून विमानाचं तिकीट काढतो म्हणून कळवलं होतं. लेकीसोबत आजीने जावं, महिनाभर राहून यावं, असं लेकीला वाटत होतं. पण घरातले म्हणाले, "तू कशाला? तुला विमानातलं काय कळतंय?"

ताईंना हे लागलं होतं. सात बाळंतपणं ज्या बाईने आपल्या हाताने निस्तरली, तिला काय कळतंय असं विचारलं होतं. म्हणून आज मी ठरवलं की बाळाला घेऊन लांबचा प्रवास करणाऱ्या बायकांचा इतिहासच थोडा सांगावा. मग कोणाला काय कळतंय ते आपोआप दिसेल.

सुरुवात करू पंडिता रमाबाईंपासून. त्यांचा जन्म 1858 सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान होते आणि त्यांनी बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं होतं. सह्याद्रीच्या रानातलं घर सोडून हे कुटुंब तीर्थयात्रेला निघालं तेव्हा रमा फक्त सहा महिन्यांची होती. ती डोंगर कशी उतरली? वेताच्या मोठ्या पेटीत तिला ठेवलं आणि एका माणसाने ती पेटी डोक्यावर घेतली. रमाबाईंनी स्वतःच हे पुढे लिहून ठेवलं आहे. शेतात खुरपायला जाताना आपणही लेकराला पाटीत घालून नेलेलं आहे, बाभळीला झोळी बांधलेली आहे. तेव्हा ही पेटी आपल्याला परकी वाटणार नाही.

तीच रमा मोठी झाली, तिचं लग्न झालं आणि 1882 साली पटकीने नवरा गेला. मुलगी मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती. लेकराला कडेवर घेऊन रमाबाई पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिलं. आणि 1883 साली मनोरमेला घेऊन त्या मुंबईहून आगबोटीने इंग्लंडला निघाल्या. मनोरमा नुकतीच दोन वर्षांची झाली होती. सोबत आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण होती. प्रवासाला पैसे कुठून आणले? आपल्या पुस्तकाच्या विक्रीतून. बचत गटातल्या बायकांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

सुएझच्या कालव्यातून जाणारा हा प्रवास काही आठवडे चालायचा. आज तेवढं अंतर विमान नऊ-दहा तासांत कापतं. दोन वर्षांचं मूल, हलती बोट, अनोळखी माणसं, वेगळं अन्न. शिवाय विधवा बाईने समुद्र ओलांडायचा म्हणजे लोकांची बोलणी होतीच. तीन वर्षांनी, 1886 साली, त्या मनोरमेला घेऊन अमेरिकेलाही गेल्या. आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, तो पदवीदानाचा समारंभ बघायला. या आनंदीबाईंचं पहिलं बाळ औषधपाण्याविना दहाव्या दिवशी गेलं होतं, तेही आपण जाणतो. एकीने बाळ गमावून डॉक्टरकी शिकली, दुसरी बाळाला घेऊन जग फिरली. आणि ती मनोरमा पुढे बी. ए. झाली आणि आईच्या कामात उभी राहिली.

हे झालं पुण्या-मुंबईकडचं. आपला मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. इथे प्रवास म्हणजे बैलगाडी. 1900 च्या सुमाराला मनमाड-सिकंदराबाद रेल्वे नांदेडवरून धावू लागली. लातूरला 1911 साली बार्शी लाइट रेल्वे आली. रूळ अडीच फूट रुंदीचे, डबे छोटे, वेग बेताचा. लातूरच्या आमच्या थोरल्या बायकांना ती गाडी चांगली आठवते, कारण मोठे रूळ पडायला 2007-08 साल उजाडलं. बाळंतीण माहेराहून सासरी निघाली की डब्यातच साडीची झोळी बांधायची. बरोबर दशम्या आणि धपाटे, कारण ते दोन दिवस टिकतात. बाळाला कुंची, दुपटी, वेखंडाची पूड. ही यादी कोणी छापून दिली नव्हती. ती आईकडून लेकीकडे आली.

आता एक गोष्ट सांगते, ती पुष्कळांना माहीत नसते. निजामाच्या रेल्वे खात्यानेच 1932 साली आपल्या राज्यात बस सुरू केल्या, सुरुवातीला 27 गाड्या होत्या. आणि 1940 च्या दशकात त्याच रेल्वेने टाटांबरोबर 'डेक्कन एअरवेज' नावाची विमान कंपनी काढली, तिचं ठाणं हैदराबादच्या बेगमपेठेत. म्हणजे जिच्या डब्यात आपल्या आज्या झोळी बांधत होत्या, त्याच रेल्वेचं नाव विमानाच्या धंद्यातही होतं. 1953 साली ही कंपनी सरकारी इंडियन एअरलाइन्समध्ये गेली. मात्र आपल्या घरातलं कोणी त्यात बसलं नाही. तिकीट आपल्यासाठी नव्हतंच.

पण ज्यांची बाळं विमानात बसली, त्यांचं काय झालं? सुरुवातीची विमानं फार त्रासाची होती. आवाज, हादरे, ओकाऱ्या. अमेरिकेत एलन चर्च नावाची एक परिचारिका होती. तिने कंपनीला पटवलं की विमानात नर्स असली तर लोकांना धीर येईल. 1930 साली ती जगातली पहिली हवाई सेविका झाली. म्हणजे हे काम जन्माला आलं तेच मुळी आजाऱ्याची, घाबरलेल्याची काळजी घेण्यासाठी.

दुसरा त्रास कानांचा. विमान वर-खाली होताना बाहेरच्या हवेचा दाब बदलतो. कानाच्या पडद्यामागची हवा एका बारीक नळीने घशाशी जोडलेली असते. आपण घोट गिळला की ती नळी उघडते आणि दाब सारखा होतो. म्हणून त्या काळी प्रवाशांना चघळायला च्युइंगगम वाटत. 1940 च्या सुमाराला आतल्या हवेचा दाब सांभाळणारी प्रवासी विमानं आली. तरी आजही उंचावर असताना विमानातली हवा साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावी तशी विरळ असते. आपलं कळसूबाई 5400 फुटांचं, त्याहूनही वर. त्यामुळे विमान उतरताना बाळाचे कान दुखतात आणि ते रडतं. बाळाला च्युइंगगम देता येत नाही. त्याला उपाय आपल्या पदराखालीच आहे. विमान खाली यायला लागलं की बाळाला पाजायला घ्यायचं. झोपलं असेल तर हळूच उठवून घ्यायचं. ते घोट घेत राहिलं की कान मोकळे राहतात. वरचं दूध पिणाऱ्याला बाटली किंवा वाटी-चमचा. सर्दी झाली असेल, कान वाहत असेल, तर निघण्याआधी डॉक्टरांना दाखवायचंच.

आणखी एक गोष्ट इतिहासात आहे, ती आपल्या गटांत सांगण्यासारखी आहे. ज्या हवाई सेविका लोकांची बाळं सांभाळत होत्या, त्यांना स्वतःला बाळ झालेलं चालत नव्हतं. एअर इंडियात पहिल्याच गरोदरपणाला नोकरी संपवायचा नियम होता. नर्गिस मिर्झा आणि इतर सेविका कोर्टात गेल्या. 1981 साली सर्वोच्च न्यायालयाने हा नियम रद्द केला. त्यांच्या सगळ्याच मागण्या मान्य झाल्या नाहीत, पण गरोदर बाईची नोकरी वाचली. त्या गप्प बसल्या असत्या तर नियम तसाच राहिला असता.

दुसरी अशीच बाई जॅन ब्राउन. 19 जुलै 1989 रोजी अमेरिकेत सू सिटी इथे एक मोठं विमान कोसळत उतरलं. जॅन त्या विमानातली मुख्य हवाई सेविका. विमानात मांडीवरची चार मुलं होती. तेव्हाच्या शिकवणीप्रमाणे तिने आयांना सांगितलं, बाळाला खाली पायांशी ठेवून धरा. त्या अपघातात 112 माणसं गेली, 184 वाचली. मांडीवरच्या मुलांपैकी एक गेलं. त्याची आई लेकराला शोधायला परत विमानाकडे निघाली तेव्हा समोर जॅनच उभी होती. त्या दिवसापासून जॅनने अनेक वर्षं एकच मागणी लावून धरली, की बाळालाही स्वतःची जागा आणि पट्टा हवा. तिथला कायदा बदलला नाही, पण जगभर लोक या गोष्टीचा विचार करू लागले.

आपल्याकडे दोन वर्षांच्या आतलं मूल आईच्या मांडीवर बसतं आणि त्याचं तिकीट कमी पैशांत होतं. एका मोठ्या माणसाबरोबर एकच मांडीवरचं मूल. जुळी असतील तर दोन मोठी माणसं हवीत, नाहीतर एका बाळाची जागा विकत घ्यावी लागते. मांडीवरच्या बाळासाठी एक छोटा पट्टा मिळतो, तो आईच्या पट्ट्यात ओवतात. नाही दिला तर मागून घ्यायचा. आपल्याच पट्ट्यात बाळाला गुंडाळून घ्यायचं नाही. धक्का बसला तर आपल्या अंगाचा भार त्याच्यावर येतो.

आता नांदेडला येऊ. 2008 साली गुरु-ता-गद्दीच्या तीनशे वर्षांच्या सोहळ्याच्या निमित्ताने आपल्या विमानतळाला नवं रूप आलं. 27 एप्रिल 2017 ला 'उडान' योजनेतलं नांदेड-हैदराबाद विमान सुरू झालं. ते मध्ये बंद पडलं. 2024 च्या मार्चअखेर पुन्हा विमानं सुरू झाली. आपल्याकडची विमानं अशी चालू-बंद होत असतात, म्हणून तिकिटाआधी नीट चौकशी करायची. लातूरच्या बायकांना नांदेड, हैदराबाद किंवा पुणे गाठावं लागतं, म्हणजे बाळाचा आधी मोटारीचा प्रवास, मग विमानाचा. वेळ तसा धरा आणि विमानतळावर दोन तास आधी पोचा.

झोळी, कुंची, दुपटी आपल्याला ठाऊक आहेत. नवा आहे तो कागद. मनोरमा समुद्रापार गेली तेव्हा पासपोर्ट लागत नव्हता. आज परदेशी जायचं तर तान्ह्या बाळालाही स्वतःचा पासपोर्ट लागतो. देशातल्या देशात जाताना बाळाच्या वयाचा पुरावा लागतो. जन्माचा दाखला सगळ्यांत चांगला. जिथे बाळंतपण झालं तिथल्या ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत किंवा दवाखान्यात 21 दिवसांच्या आत नोंद करायची. बारसं झालं नसेल तरी नोंद होते, नाव नंतर घालता येतं. 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्या मुलांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत हाच दाखला लागणार आहे. आणि 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या बाळाच्या नावात, आपल्या राज्यात, आईचं नावही येतं. तेव्हा तिकिटावरचं नाव दाखल्याशी जुळतं का ते बघा. अगदी नवजात बाळाला किती दिवसांनी नेता येतं, याचा नियम प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. तोही आधी विचारा.

सामान भरताना बाळाचं दूध, उकळलेलं पाणी, पेज, औषध हातातल्या पिशवीत ठेवा. तपासणीला सांगितलं की बाळापुरतं नेऊ देतात. कात्री, सुई, काडेपेटी, तिखटाची पूड हातातल्या पिशवीत नको. बाळंतिणीसाठी सुक्या खोबऱ्याच्या वाट्या बांधून देऊ नका, त्या तेलकट असतात, पेट घेतात म्हणून विमानात चालत नाहीत. डिंकाचे लाडू करून द्या. दोन जास्तीची दुपटी आणि आईसाठीही एक जास्तीचा ब्लाउज घ्या. आत गारवा असतो, टोपडं विसरू नका.

आता त्या ताईंचं सांगते. त्या गेल्या. निघायच्या गडबडीत जन्माचा दाखला घरीच राहिला. खिडकीवर वयाचा पुरावा मागितला तेव्हा लेक रडकुंडीला आली. ताईंनी पिशवीतून अंगणवाडीताईने भरलेलं लसीकरणाचं कार्ड काढलं. पुढचा डोस चुकू नये म्हणून त्यांनी ते आठवणीने घेतलं होतं. त्या कार्डावर काम भागलं. पण सगळीकडे भागेलच असं नाही, म्हणून दाखला न्यायचाच. विमान उतरायला लागलं, आजूबाजूची लेकरं रडायला लागली, तेव्हा ताई लेकीला म्हणाल्या, "पदर घे अन् पाज आता." नातू शेवटपर्यंत शांत होता.

परत आल्यावर बैठकीत त्यांना विचारलं, "विमानातलं काय कळलं?" त्या हसल्या. म्हणाल्या, "पट्टा लावायचा तेवढा नवीन होता. बाकी लेकरू तर लेकरूच की."

पुढच्या बैठकीत एवढं करा. ज्या घरात वर्षाच्या आतलं बाळ आहे, तिथे जन्माचा दाखला निघाला का ते विचारा. नसेल तर दोघीजणी मिळून जा आणि काढून आणा. विमान असो की एसटी, लेकरू कधी कुठे जाईल सांगता येत नाही.