बुधवार पेठेतली क्रियापदे

आजच्या बुधवार पेठेचे जुने नाव मुहियाबाद. औरंगजेबाच्या पुण्यातील मुक्कामाच्या काळातले, म्हणजे अठराव्या शतकाच्या अगदी आरंभीचे हे नाव पेशवाईत मागे पडले आणि पेठेला वाराचे नाव मिळाले. पेठांची ही मोठी नावे राज्यकर्त्यांनी दिलेली असतात. त्यांत कारभार दिसतो, माणसे दिसत नाहीत. माणसे शोधायची तर बोळांच्या, चौकांच्या आणि विशेषतः देवांच्या नावांकडे वळावे लागते. पुण्याने देवांना जी विशेषणे लावली, त्यांच्याविषयी थट्टेच्या सुरात पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांला त्यांत थट्टेपेक्षा नोंदवही अधिक दिसते. पासोड्या विठोबाच्या परिसरात पासोड्या विकल्या जात आणि जिलब्या मारुतीच्या नावात हलवायाची कढई आहे. देवाने व्यवसायाचे नाव घेतले, आणि व्यवसाय उठून गेल्यावरही देव ते नाव सांभाळत राहिला.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरची पाच माणसे (आम्ही दोघे, दोन मुले आणि मुलांची आजी) सकाळपासून संध्याकाळपर्यंत याच पेठेत आणि तिच्या कडेकडेने हिंडलो. या पेठेत हाताने काय काय बनत असे आणि आज काय बनते, हे मुलांना दाखवावे असा हेतू होता. त्या दिवसाचे वर्णन करण्याचा येथे विचार नाही. पण हिंडताना एक गोष्ट वारंवार जाणवली आणि ती भाषेच्या अभ्यासकांपुढे मांडावीशी वाटते. या पेठेत कारागिरीची नामे शिल्लक आहेत. क्रियापदे मात्र झपाट्याने नाहीशी होत आहेत.

शालूकर बोळाचेच पाहा. भाऊ लक्ष्मण जावळे यांचा वाडा येथे आहे. १८९२ साली त्यांनी बसवलेला, राक्षसाशी झुंजणारा गणपती आजही या मंडळाचा मानबिंदू आहे. व्यवसायाने ते वैद्य. पण घराण्यात कापड रंगवण्याचा धंदा असल्यामुळे ते ‘भाऊसाहेब रंगारी’ झाले. बोळाच्या नावात शालू आणि गणपतीच्या नावात रंगारी! सार्वजनिक गणेशोत्सवाच्या आरंभाचा मान कोणाचा, हा वाद २०१७ मध्ये शतकोत्तर रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने पुन्हा रंगला, तेव्हा या नावाचा उच्चार असंख्य वेळा झाला. कापड कसे खळवत, रंग कशात उकळत, तो पक्का बसावा म्हणून काय करत, याविषयी मात्र त्या सगळ्या चर्चेत कोणी शब्द काढला नाही. जवळच दगडूशेठ गाडवे यांचा गणपती आहे. देश त्याला ‘दगडूशेठ हलवाई’ म्हणून ओळखतो. पुण्याच्या सर्वांत गाजलेल्या गणपतींपैकी दोन असे रंगाऱ्याच्या आणि हलवायाच्या नावाने उभे आहेत, ही बाब उत्सवाच्या राजकीय इतिहासात थोडी झाकली जाते. टिळकांच्या सभोवती जे पुणे उभे राहिले त्यात वकील आणि संपादक होते, तसे पाकाची तार बोटांवर ओळखणारे आणि कापड भिजवणारेही होते.

अगदी छोटा तपशील नावाचा अर्थ कसा फिरवतो, याचे उदाहरणही याच पेठेत आहे. विजेच्या सामानासाठी प्रसिद्ध असलेली गल्ली काही पाट्यांवर ‘तपकीर गल्ली’ असते, काहींवर ‘तापकीर गल्ली’. पहिले वाचले की तपकिरीची दुकाने आणि शिंका डोळ्यांपुढे येतात. दुसरे वाचले की एक आडनाव. एका कान्याने व्यवसायाचे घराणे होते! आज तेथे वायरींची भेंडोळी आणि दिव्यांच्या माळा यांच्यामधून वाट काढावी लागते. विद्यार्थ्यांना लोकव्युत्पत्ती शिकवताना परदेशी पुस्तकांतील उदाहरणे देण्याऐवजी त्यांना सरळ येथे आणून उभे करावे.

तुळशीबागेत आम्ही सर्वांत अधिक वेळ घालवला. नारो अप्पाजी खिरे यांनी १७६० च्या दशकात येथे राममंदिराचे काम आरंभले. बागेच्या जागी मंदिर झाले, मंदिराच्या भोवती बाजार झाला आणि खिऱ्यांचे आडनावच तुळशीबागवाले झाले. येथे जागेने माणसाला नाव दिले. पिना-टिकल्यांच्या गर्दीत शिखरावरचे चुन्यातील मूर्तिकाम मान वर करून पाहणारा विरळाच. आम्ही पाहिले, मुलांनी दोन मिनिटे पाहिले आणि ती भातुकलीच्या दुकानाकडे वळली. त्यांचे चुकले नाही, कारण पेठेचा खरा वस्तुकोश तेथेच मांडलेला होता. बंब, घंगाळ, पाटा-वरवंटा, जाते, खलबत्ता, शेगडी हे सगळे बोटभर उंचीचे. घरांतून जे जे हद्दपार झाले ते लहान होऊन येथे येऊन राहिले आहे. शहरी मराठी मूल आज जाते प्रथम पाहते ते खेळणे म्हणून, आणि पुढे जात्यावरच्या ओव्या अभ्यासक्रमात आल्या की आम्ही त्याच्याकडून दळणाऱ्या बाईच्या श्रमाची कल्पना करण्याची अपेक्षा धरतो.

बांगड्यांच्या दुकानात मात्र क्रियापद जिवंत सापडले. बांगड्या ‘घालत’ नाहीत, ‘भरतात’. आणि फुटली तर ती ‘वाढली’ म्हणायचे. कासाराने मुलीचा हात हातात घेऊन अंगठ्याच्या मुळाशी दाबत काचेची बांगडी चढवली, तेव्हा ‘भरणे’ या शब्दाचा अर्थ तिला कोशाविना कळला. ज्या कृतीला दोन माणसे लागतात तिचे क्रियापद अधिक टिकते, असा एक तर्क आम्हांला सुचला. तो सरसकट खरा ठरेल असे नाही.

पितळेच्या दुकानात आजींनी एक पातेले उलटेपालटे करून पाहिले आणि विचारले, “याला कल्हई आहे का? नाहीतर ताक कळकायचं.” दुकानातला तरुण गोंधळला. कल्हई त्याला ठाऊक होती, ‘कळकणे’ नव्हते. आमच्या मते येथेच खरे नुकसान आहे. तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवला की धातूशी त्याची क्रिया होऊन तो बिघडतो, ही रसायनाची माहिती मराठीने एका क्रियापदात साठवली होती. कल्हईवाला भांडे भट्टीवर तापवी, नवसागर टाकी, पांढरा धूर उठे, कथलाची कांडी टेकवून तो कापसाच्या बोळ्याने ते आतून झरझर फिरवी आणि भांडे पाण्यात बुडवताच चर्रकन आवाज होई. स्टेनलेस स्टील आले, कल्हईची गरज संपली, आणि ‘कळकणे’ निराधार झाले. याबद्दल स्टीलला दोष देण्यात अर्थ नाही. ज्या बायकांनी जन्मभर राखेने पितळ घासले त्यांना विचारावे, त्या स्टीलचे स्वागतच करतील.

तांब्याची भांडी येथे विकली जातात. घडतात ती जवळच, कसबा पेठेच्या तांबट आळीत. पेशवाईत कोकणातून येऊन स्थिरावलेल्या तांबटांची ही वस्ती. ठोक्यांचा आवाज आळीच्या तोंडाशीच ऐकू येतो. भांड्याचा आकार देण्याचे काम आता बरेचदा यंत्रावर होते, ‘मठारणे’ हातानेच. पत्र्यावर एकसारखे, एकाला एक लागून ठोके घालत जाणे म्हणजे मठारणे. ग्राहक त्या चमकत्या खुणांना नक्षी समजतो. वस्तुतः ठोक्यांनी धातू आवळतो, कठीण होतो आणि पातळ पत्राही आकार धरून राहतो. सौंदर्य हे येथे मजबुतीचे उपफळ आहे. आज हीच भांडी शोभेच्या वस्तू म्हणून मोठ्या शहरांतील दिवाणखान्यांत जातात, आणि त्या मागणीवरच काही घरे तगली आहेत. क्रियापद जगले, पण त्याचा अर्थ निम्मा बदलला.

येथे एका दूरच्या बेटाची आठवण अपरिहार्य आहे. जपानच्या दक्षिणेकडील ओकिनावा बेटावर किजोका गावी केळीच्या एका जातीच्या धाग्यापासून बाशोफू नावाचे कापड विणतात. खोडाचे पदर सोलायचे, राखेच्या पाण्यात उकळायचे, बांबूच्या चिमट्याने खरवडायचे आणि धागे एकेक गाठ मारून जोडायचे, असा हा उद्योग. निनावी कारागिरांच्या नित्याच्या वस्तूंना ‘मिंगेई’ हे नाव १९२५ मध्ये देणारे आणि १९३६ मध्ये टोकियोत त्यांचे संग्रहालय उभारणारे यानागी सोएत्सु या बेटावर आले, आणि कापडाइतकेच बोलीच्याही बाजूने उभे राहिले. बेटावर प्रमाण जपानी लादण्याच्या सरकारी मोहिमेवर १९४० मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उघड टीका केली. कारागीर आणि त्याची बोली वेगळी काढता येत नाही, हे त्यांना उमगले होते. पुढे जपानने १९५० च्या कायद्याने वस्तूंबरोबर कौशल्यालाही वारसा मानले. युद्धानंतर बाशोफू पुन्हा उभे करणाऱ्या तैरा तोशिको यांना २००० मध्ये या कौशल्याच्या धारक म्हणून राष्ट्रीय मान मिळाला. २०२२ मध्ये, शंभरी ओलांडून, त्या गेल्या. म्हणजे तेथे राज्याने क्रियापदाला मान्यता दिली.

आमच्याकडे यानागींच्या तोडीचा माणूस नव्हता असे नाही. बुधवार पेठ ओलांडून शुक्रवारात शिरले की राजा दिनकर केळकर संग्रहालय लागते. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत आणि चष्म्यांचे दुकान चालवीत. अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी सुमारे २०,००० वस्तूंचा संग्रह उभा केला आणि १९७५ मध्ये तो महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. अडकित्ते, वज्री, दिवे, दौती, कोरीव दारे. बहुतेकांवर कर्त्याचे नाव नाही. टोपणनाव ‘अज्ञातवासी’ असलेल्या कवीने अज्ञात कारागिरांचे हात जमवावेत, हा योगायोग आम्हांला फार बोलका वाटतो. पण काचेमागच्या अडकित्त्याशेजारी ‘अडकित्ता’ एवढेच लिहिलेले पुरत नाही. सुपारी कातरण्याची रीत, वज्रीने टाच घासण्याची रीत कोण सांगणार? केळकरांनी एका माणसाच्या आयुष्यात मावेल त्याहून अधिक केले. क्रियापदे जमवण्याचे काम विद्यापीठांच्या मराठी विभागांचे होते, आणि ते आपण केलेले नाही.

पेठेतल्या आणखी दोन गोष्टींविषयी लिहिले नाही तर हा लेख अप्रामाणिक ठरेल. पुण्याबाहेर ‘बुधवार पेठ’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक हसू उमटते. सहकुटुंब हिंडणारे त्या गल्ल्या टाळतात. आम्हीही त्यांतून गेलो नाही. पण तेथील स्त्रियांना पेठेच्या इतिहासातून गाळणे हे लावणीच्या इतिहासातून शृंगार गाळण्यासारखे आहे. दुसरी गोष्ट भिडे वाड्याची. दगडूशेठ गणपतीच्या समोर १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली, आणि ‘शिकणे’ या क्रियापदाला पुण्यात स्त्रीलिंगी कर्ता मिळाला. मोडकळीस आलेला तो वाडा राष्ट्रीय स्मारकासाठी डिसेंबर २०२३ मध्ये पाडण्यात आला. ज्या जिन्याने त्या मुली चढल्या असतील तो आता नाही. मुलीला आम्ही ती जागा दाखवली. “इथेच?” एवढेच तिने विचारले.

आजींनी अखेर पातेले घेतले नाही. धाकट्याने भातुकलीतले घंगाळ घेतले. रात्री आजींनी त्याला सांगितले, की यात आधी बंबातले कढत पाणी काढायचे आणि मग गार पाणी घालून ते विसणायचे. “विसणायचं म्हणजे?” “म्हणजे अंगाला सोसेल इतपत करायचं.” त्याने घंगाळ उचलले, न्हाणीघरात जाऊन गिझरचा नळ सोडला, मग दुसरा, आणि बोट बुडवून पाहिले.